आजोबांची झोप आणि वृक्षोद्यानाची ऋतुमानानुसार आकर्षणे

झाड ही मुळात एका जागी उभी राहणारी वस्तू आहे, आणि एका जागी उभ्या राहिलेल्या वस्तूकडे माणूस फार काळ पाहू शकत नाही. (दारात येऊन उभे राहिलेले पाहुणे हा अपवाद, त्यांच्याकडे पाहावेच लागते.) हे सत्य लक्षात येईपर्यंत आमच्या सार्वजनिक वृक्षोद्यानाची कित्येक वर्षे नुसती झाडे वाढवण्यात वाया गेली.

त्या अज्ञानाच्या काळात लोक सुट्टीच्या दिवशी उद्यानात येत, झाडाखाली सतरंजी पसरत, डबा उघडत, पाय लांब करत आणि उन्हे उतरली की घरी जात. यातून उद्यानाचा काय फायदा झाला, हे उद्यानाला सांगता येईना. लोकांचा काय फायदा झाला, हे लोकांनाही सांगता येईना. 'बरं वाटलं' एवढेच ते म्हणत, आणि 'बरं वाटलं' हे कोणत्याही रकान्यात बसत नाही. म्हणून 'कौटुंबिक उपक्रम व ऋतुमानानुसार आकर्षणे' हा विभाग निघाला. त्याच्या प्रमुखपदी ज्या बाई आल्या, त्यांना रिकामा माणूस पाहवत नाही. घरी यजमान खुर्चीत बसलेले दिसले, तर त्या त्यांना उठवतात आणि दुसऱ्या खुर्चीत बसवतात. अशा माणसाची उद्यानाला गरज होतीच.

बाईंच्या कामाचे मोजमाप ऋतुवार केले तरच न्याय होईल.

वसंतात पूर्वी कळ्या कोणालाही न विचारता, वाटेल तेव्हा उमलत. आता उमलण्याचे थेट प्रक्षेपण मोठ्या पडद्यावर होते. पडदा त्याच झाडाला पुढून बांधलेला असल्यामुळे झाड दिसत नाही, पण पडद्यावर ते इतके स्वच्छ दिसते की आजवर कोणाची तक्रार नाही. (एका लहान मुलीने पडद्यामागे काय आहे असे विचारले होते. तिला फुगा देण्यात आला.)

उन्हाळ्यात 'सावली-सफर' असते. एकाच कुटुंबाने एकच सावली अडवून बसणे अन्यायाचे असल्याने मार्गदर्शक सर्वांना ठरावीक वेळाने एका सावलीतून दुसरीकडे नेतो. दोन सावल्यांच्या मधे ऊन लागते आणि सफरीचा बराचसा भाग तिथेच होतो. पण ऊन विभागाच्या अखत्यारीत येत नाही. 'वृक्षालिंगन' हा उपक्रमही उन्हाळ्यातलाच. सुरुवातीला लोक खरोखर झाडाला मिठी मारत, त्यामुळे झाडाची साल गेली. आता शेजारी गादी गुंडाळलेला खांब आहे. मिठी त्याला मारायची; झाड साक्षीला असते.

पानगळीच्या बाबतीत झाडांनी विभागाला पुष्कळ त्रास दिला. मंगळवार-बुधवारी पाहायला चिटपाखरू नसताना झाडे खुशाल पाने गाळत आणि रविवारी नेमका हात आखडता घेत. म्हणून आता आठवडाभराची पाने पोत्यांत भरून ठेवतात आणि रविवारी दोन माळी शिडीवर चढून ती वरून सोडतात. खाली कुटुंबे हात पसरून उभी असतात. मग तीच पाने गोळा करून पुढच्या कुटुंबांवर सोडली जातात. संध्याकाळपर्यंत त्यांचा भुगा होतो. त्या खेळाला 'बारीक पानगळ' म्हणतात, आणि लहान मुलांना न टोचणारी म्हणून तिची खास शिफारस होते.

हिवाळ्यात झाडांवर काहीच नसते. विभागाला ही मोठीच संधी वाटली आणि झाडांवर दिवे लावले गेले. ते इतके लावले गेले की काही झाडांचा गैरसमज होऊन त्यांना कळ्या आल्या. त्या कळ्या नियमाप्रमाणे वसंताकडे वर्ग करण्यात आल्या.

या सगळ्यात गोंधळ होऊ नये म्हणून दारातच प्रत्येकाच्या मनगटावर आपापल्या उपक्रमाच्या रंगाची पट्टी बांधतात. जिच्या वा ज्याच्या हाताला पट्टी नाही, त्या व्यक्तीला 'निष्क्रिय अभ्यागत' म्हणतात आणि तिच्यासाठी एक शिट्टीवाला नेमलेला आहे.

शिट्टीवाल्याने नेमणुकीनंतरच्या पहिल्याच रविवारी ज्यांच्यावर शिट्टी वाजवली, ते आजोबा तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली बाकावर झोपलेले होते.

आजोबा निवृत्त घड्याळदुरुस्त. उभा जन्म एका डोळ्याला भिंग लावून काढलेला. आजी गेल्यापासून त्यांना घरात झोप येत नसे. पलंग झाला, आरामखुर्ची झाली, गॅलरीतली चटई झाली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्यांना पेपर वाचताना, दाढी करताना आणि एकदा डॉक्टरांच्याच समोर झोप आली. अंथरुणात मात्र आली नाही. ती येई फक्त त्या झाडाखाली, रविवारी दुपारी. सून त्यांना घेऊन येई, नात बरोबर असे. (मुलगाही येई, पण त्याचा रविवार गाडी लावायला जागा शोधण्यात जाई.) त्या एका झोपेवर आजोबांचा आठवडा निघे, आणि आजोबांच्या आठवड्यावर घराचा.

"आजोबा, पट्टी?" शिट्टीवाल्याने विचारले.

"कसली?"

"हाताची. तुमचा उपक्रम कोणता?"

"झोपलो होतो."

"झोप यादीत नाही."

"अरे बाबा, जागा असतो तेव्हा तरी मी कुठल्या यादीत असतो?"

नात हुशार. ती कानाशी लागली, "आजोबा, तुम्ही पानं मोजताय म्हणून सांगा ना."

"डोळे मिटून?"

"आजी नाही का डोळे मिटून टाके मोजायची."

शिट्टीवाल्याने हे ऐकले आणि पाने मोजण्याची जागा फाटकाजवळ आहे, असे सांगितले.

सून थेट बाईंच्या खोलीत गेली. खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि बाई सहाव्यांदा जागा बदलत होत्या.

"बाई, माझ्या सासऱ्यांना तिथे फक्त झोपू द्या. कोणाला त्रास नाही त्यांचा. घोरतसुद्धा नाहीत."

"घोरतात," नात म्हणाली.

"हळू घोरतात," सून म्हणाली.

बाईंचे काळीज कोमल. "अहो, मी कोणाच्या झोपेच्या आड कशाला येऊ? झोपेलाच आपण उपक्रम करू या की."

पुढच्या रविवारी त्या झाडाखाली 'वृक्षतळी विश्रांती' सुरू झाली. पट्टी करडी. बाक वाढवले, कुटुंबे आली. आधी मार्गदर्शक झोपण्याची पूर्वतयारी करून घेई. मग सर्वांनी डोळे मिटले की दर थोड्या वेळाने कर्ण्यातून सांगे, "आता आपण झोपलो आहोत." ज्यांना खरेच झोप लागली, त्यांना प्रमाणपत्र घेण्यासाठी उठवले जाई. आजोबांना एकट्याला लागली होती. मार्गदर्शकाने त्यांना हलवून विचारले, "झोप कशी वाटली?"

"कुठली?" आजोबा म्हणाले.

पण एवढ्या लोकांत एकच माणूस अस्सल झोपतो, बाकीचे एक डोळा उघडून शेजाऱ्याकडे पाहतात, हे बाईंच्या नजरेतून सुटले नाही. गुण हेरणे आणि त्याला योग्य जागी नेऊन ठेवणे, यालाच प्रशासन म्हणतात. आजोबांच्या बाकाभोवती पिवळी दोरी आली. झाडाच्या पाटीशेजारी दुसरी पाटी लागली. तीवर 'अस्सल झोप : प्रात्यक्षिक' असे होते आणि खाली बारीक अक्षरांत 'निवृत्त. सदाहरित.' (दुसरा शब्द झाडाच्या पाटीतला होता, रंगाऱ्याने तो दोन्हीकडे लिहिला. वाईट दिसत नव्हता.)

कुटुंबे दोरीपलीकडे दाटीवाटीने उभी राहू लागली.

"बाबा, हे खरे आहेत?"

"पोटाकडे बघ. हलतंय ना?"

"मग उठणार कधी?"

"थांब जरा. एवढे आलोय तर उठलेलेही बघून जाऊ."

गिऱ्हाईक मान पुढे काढून बसलेले असताना बंद घड्याळ कधी चालू होत नाही, हे आजोबांना धंद्यातून ठाऊक होते. झोपेचेही तेच निघाले. पण आजोबा जुन्या वळणाचे. लांबून आलेल्या माणसांना नाराज करणे त्यांच्याच्याने होईना. ते डोळे मिटून पडून राहत. मधूनमधून थोडे घोरूनही दाखवत. मुले टाळ्या वाजवत. मग येताना असत त्यापेक्षा जास्त थकून आजोबा घरी जात.

घरात त्याचा परिणाम दिसू लागला. आजोबा जेवताना घास हातात धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसत. नातीला 'आजी आली का गं बाहेरून?' असे विचारत. सुनेने तिसऱ्यांदा ते ऐकले, त्याच दुपारी ती पुन्हा बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमचं आकर्षण तुम्हाला ठेवा. आमच्या माणसाची झोप परत द्या."

"लोकांना फार आवडतंय हो ते."

"आवडेल नाहीतर काय! एक म्हातारा माणूस तुमच्यासाठी झोपेचं सोंग घेतोय, आणि वर टाळ्या पडताहेत."

बाई थोडा वेळ एकाच खुर्चीत बसून राहिल्या. ओळखीच्या लोकांनी हे लक्षण गंभीर मानले. मग त्यांनी निर्णय घेतला, आणि तो धाडसाचा होता. येत्या रविवारी तळ्याकाठचे मोठे झाड उपक्रममुक्त राहील. दोरी नाही, कर्णा नाही, पट्टी नाही. काहीही न करण्याचा विभागाला अनुभव नसल्याने नियोजनाला बऱ्याच बैठका लागल्या. अखेर दोरी काढली आणि लोकांचा गैरसमज होऊ नये म्हणून मोठ्या अक्षरांत एक पाटी उभारली : 'येथे काहीही नाही.'

रविवारी आजोबा, सून आणि नात पोहोचली, तेव्हा पाटीसमोर माणसे थबकू लागली होती.

"काय आहे हो इथे?"

"काही नाही म्हणे."

"काही नसताना कोण एवढी पाटी लावील? आतून काहीतरी असणार."

त्याच वेळी एक गृहस्थ पाटीसमोर बुटाची नाडी बांधायला वाकले. मागून आलेले दुसरे गृहस्थ सभ्य होते. ते त्यांच्यामागे थांबले. दोघांमागे एक कुटुंब थांबले. नाडी बांधून झाल्यावर पहिले गृहस्थ उठले, मागे वळून पाहिले, आणि एवढी माणसे मागे असताना पुढून निघून जाणे त्यांना बरे दिसेना. तासाभरात रांगेने तळ्याला वळसा घातला.

आजोबा आपल्या बाकाकडे निघाले.

"ओ काका, रांग आहे."

"मला फक्त झोपायचंय."

"आम्हाला तरी काय मोठं हवंय? पण रांग आहे."

आजोबा मुकाट्याने मागे गेले. रांगेचे शेपूट प्रसाधनगृहाच्या मागे पोहोचले होते. तिथे एक झाड होते. ते कोणत्याच उपक्रमात नव्हते. त्याला पाटीही नव्हती. सुनेने घडीचे स्टूल उघडले. आजोबा त्यावर बसले आणि पाठ बुंध्याला टेकवली. रांगेतल्या पुढच्या बाईंनी वळून विचारले, "काय मिळतं हो पुढे?"

"झोप," आजोबा म्हणाले.

"सगळ्यांना?"

"पूर्वी मिळायची."

रांग काही सरकेना. सरकणार कशी? पहिल्या गृहस्थांना आपण कशासाठी उभे आहोत हेच माहीत नव्हते. शिट्टीवाला दोनदा येऊन गेला, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला निष्क्रिय म्हणता येईल असे एकही कलम त्याला सापडेना. (उभ्या जगात नसावे.) हळूहळू मुले खाली बसली, मग आया बसल्या. कोणीतरी डबा उघडला आणि मागच्याला विचारले, मागच्याने 'नको नको' म्हणत घेतले. एक पान कोणीही न सोडता, रविवार असूनही, आपले आपण एका माणसाच्या खांद्यावर येऊन पडले. त्याने ते झटकले नाही; हललो तर नंबर जाईल, ही भीती.

आजोबांची मान कलली. सुनेने वाकून पाहिले. सोंग नव्हते, सोंगात ते इतके वाईट घोरत नसत.

"जरा हळू बोला हं," तिने पुढच्या बाईंना सांगितले. त्यांनी आपल्या पुढच्याला सांगितले, आणि निरोप तळ्याला वळसा घालत पहिल्या गृहस्थांपर्यंत पोहोचला, "पुढे सरकू नका. मागे एक जण झोपलाय." कारण मिळाल्याने पहिल्या गृहस्थांना फार हायसे वाटले.

विभागप्रमुख बाई कचेरीच्या गच्चीवरून पाहत होत्या. इतकी कुटुंबे, एका जागी, न भांडता, दुपारभर. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत कोणत्याही उपक्रमाने हे करून दाखवले नव्हते. पुढच्या महिन्यापासून 'रांग (कौटुंबिक)' हे उद्यानाचे बारमाही आकर्षण झाले. पट्टी पांढरी.

आजोबांना तहहयात शेवटचा नंबर बहाल करण्यात आला. त्यात एक तांत्रिक अडचण होती. कोणीही नवीन आले की शेवटचा माणूस शेवटचा राहत नाही. विभागाने तोडगा काढला. नवीन येणाऱ्याने आजोबांच्या मागे न थांबता त्यांच्या पुढे उभे राहायचे. याला आजोबांची हरकत नाही. त्या रांगेत पुढे जाण्याची ज्याला घाई नाही, असा तो एकच माणूस आहे. ते दर रविवारी येतात, बुंध्याला टेकतात आणि झोपतात. घरात आता ते घास वेळेवर तोंडात घालतात.

रांगेच्या तोंडाशी नक्की काय ठेवावे, यावर विभागात एकमत नाही. काहीच ठेवू नये, असे बाईंचे मत आहे. शेवटी काय आहे ते कळल्याशिवाय माणूस मधेच निघून जात नाही, असा त्यांचा अनुभव. आणि तुम्हीही एकेका ओळीमागे उभे राहत इथवर आलातच. पांढरी पट्टी बांधून घ्या, आजोबांच्या पुढची जागा रिकामी आहे. फक्त पाय न वाजवता या.