शिवरामदादा काचेत जायला तयार नाहीत

शिवरामदादा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, पायांकडे बघून बोलतात. समोर सरपंच असो, डॉक्टर असो, सत्यनारायण सांगायला आलेले भटजी असोत, दादांची नजर चपलेवर. बँकेत एकदा काउंटरमागच्या साहेबांचे पाय दिसेनात म्हणून ते इतके बेचैन झाले की वाकून खालच्या फटीतून बघू लागले. शिपायाने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर येताना ते शिपायाच्या बुटांकडे बघत होते.

"चेंडू पायाशी असतो गं, तोंडाशी नाय," हे त्यांचं स्पष्टीकरण. "तोंडाचं काय, डावीकडं सांगतं नि उजवीकडं जातं."

मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा बाकीच्यांनी मुलाचा पगार विचारला. दादा तासभर त्याच्या पायांकडे बघत बसले, मग आत जाऊन बायकोला, सुनंदाला, म्हणाले, "एका जागी ठरत नाय, पण मागं फिरून येतो. देऊन टाकू." मुलगी आता पनवेलला सुखाने नांदते आहे. जावई फिरतीच्या नोकरीवर आहे.

खोपोली आणि साजगाव यांच्या मधलं आमचं गाव. तिथल्या लालपट्टी फुटबॉल मंडळाचे शिवरामदादा डावे बॅक. पूर्वी पांढऱ्या बनियनवर लाल कापडाची पट्टी शिवून पोरं खेळायची, त्यावरून हे नाव. पन्नाशी कधीच उलटली, एक गुडघा करकरतो, तरी दादा डावे बॅकच आहेत. मैदानाबाहेरही. रस्त्यात भेटले की हातभर अंतर ठेवून, अंग जरा तिरकं करून उभे राहतात आणि बोलता बोलता तुम्हाला कडेकडेला नेतात. हे ते मुद्दाम करत नाहीत. समोरच्याला मधून जाऊ द्यायचं नाही, बाहेर ढकलायचं, हे हाडात मुरलंय. गावातल्या निम्म्या लोकांचा एक तरी पाय दादांशी बोलताना गटारात गेला आहे.

एकदा पोशीरला, कापणी झालेल्या भातखाचरात सामना होता. समोरचा फॉरवर्ड दमला म्हणून त्यांनी बदलला. तो जाऊन टेंपोत बसला आणि पाणी प्यायला लागला. दादा त्याच्या मागोमाग गेले आणि टेंपोसमोर उभे राहिले. पंच ओरडले, "अहो, तो बाहेर गेला!"

"परत आला म्हंजे?" दादा म्हणाले.

तेवढ्यात इकडे गोल झाला.

स्वतः दादांनी आयुष्यात एकच गोल मारला आहे, तोही आपल्याच जाळ्यात. कोणी चिडवलं तर ते रागावत नाहीत. "पण ठोका कसला बसला होता!" एवढंच म्हणतात.

आता मुद्द्यावर येते.

आमच्या मंडळाची एक पद्धत आहे. मोठ्या खेळाडूचा वर्धापनदिनाला सत्कार होतो. शाल, श्रीफळ, आणि त्याचा शर्ट काचेच्या चौकटीत घालून मंडळाच्या खोलीत टांगतात. त्याला आम्ही 'काचेत जाणं' म्हणतो. काचेत गेलेला माणूस पुन्हा मैदानात उतरत नाही. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आजवर कोणी मोडलेला नाही.

यंदा काचेवर लेजंड असा शब्द कोरायचा होता आणि नाव जवळजवळ ठरलं होतं: सुहास. चार हंगाम खेळला, धडाधड गोल मारले, मुंबईला नोकरी लागली आणि गेला. वर्षातून एकदा गाडीतून येतो, पोरं त्याच्यासोबत फोटो काढतात. माणूस वाईट नाही. पण माझं डोकं फिरलं. पावसाळ्यात मैदानातलं पाणी काढायला चर कोण खणतो? फाटलेली जाळी कोण बांधतो? रात्रपाळी करून कारखान्याच्या गेटवरून थेट मैदानात कोण येतो? गोल मारणाऱ्याला फोटो आणि गोल अडवणाऱ्याला फावडं, हा कुठला न्याय?

मंडळात मी एकटीच मुलगी सभासद आहे. मुलींना घ्यावं म्हणून मी पत्रक काढलं, तेव्हा सभेत पहिला हात शिवरामदादांचा वर गेला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "हिचे पाय बघा. चांगले पडतात." तर मी पुन्हा पत्रक काढलं. 'लेजंड कोण? जो निघून गेला तो, की जो उभा राहिला तो?' असं मथळ्यात टाकलं आणि चहाच्या टपरीपासून देवळापर्यंत वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून शिवरामदादा आमच्या दारात. हातात पत्रक, नजर माझ्या पायांवर.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अन्याय दिसला, लिहिलं."

"लेजंड म्हंजे काय गं?"

"ज्याच्या गोष्टी लोक सांगतात तो."

"गोष्टी मेलेल्यांच्या सांगतात. जित्याला हाक मारतात." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "मागं घे हे."

"नाही घेणार. मी तुमच्यासाठी नाही लिहिलं, तत्त्वासाठी लिहिलंय."

"मग तत्त्वाला घाल काचेत!" दादा गरजले आणि पायऱ्या उतरून गेले.

मला वाटलं, विनय. कष्ट करणाऱ्या माणसाला मान घ्यायची सवयच लागू दिलेली नसते. म्हणून मी आणखी पेटले. दादांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी समोरून आले की ते रस्ता बदलत. आयुष्यभर कोणाला मोकळं न सोडणारा माणूस मला मोकळं सोडून पलीकडच्या कडेने जाऊ लागला. ते टोचत होतं, पण मी मागे हटले नाही.

हटायला हवं होतं, निदान थांबून विचार करायला हवा होता, कारण मंडळाचे सेक्रेटरी नाना माझ्या बाजूने झाले होते. नाना आजवर माझ्या एकाही म्हणण्याला हो म्हणालेले नाहीत. या वेळी त्यांनी स्वखर्चाने पत्रकाच्या आणखी प्रती काढल्या. "अगदी मनातलं लिहिलंस पोरी," म्हणाले.

सभा शाळेच्या वर्गात भरली. मोठमोठी माणसं दुसरीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शिवरामदादा शेवटच्या बाकाच्याही मागे, भिंतीला टेकून उभे. सुहास गाडीतून आला आणि त्याने पहिल्या वाक्यातच वाद संपवला. "काचेत शिवरामदादाच गेले पाहिजेत. मी पुढे बिनधास्त पळायचो, कारण मागे ते असायचे."

टाळ्या झाल्या. मी जिंकले होते. मी मागे वळून बघितलं. दादा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांची नजर बाकांखालच्या पायांवरून फिरत होती, कॉर्नरच्या वेळी कोण सुटतोय ते बघावं तशी.

"ठरलं तर," मंगेश म्हणाला. मंगेश आमचा गोलकीपर आणि कॅप्टन, गणेश राखीव बॅक. "मग या रविवारपास्नं डाव्या बाजूला गणेश."

"ते नंतर रं," नाना घाईने म्हणाले.

काचेत गेलेला पुन्हा खेळत नाही, हा नियम तत्त्वाच्या भरात मी विसरूनच गेले होते.

"नाना," मी उभी राहिले, "हा सत्कार आहे की निरोप?"

"दोन्ही एकच असतं गं," नाना म्हणाले. "तू लहान हायस."

"म्हणजे माझ्या पत्रकाने तुम्ही माणूस काढताय?"

"काढताय काय काढताय! तूच लिवलंस ना, मान द्या म्हणून? देतो हाय मान. शाल चांगल्यातली आणलीय."

"गणेशनं किती दिवस बाकावर बसायचं?" मंगेशही उठला. "त्याच्या पायात वारं हाय. दादा पळायला लागले की मला तिकडून गुडघा ऐकू येतो. खोटं बोलतो का मी? बोला कोणीतरी!"

कोणी बोललं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. हेच अवघड होतं. नाना लबाड होते, पण मंगेश नव्हता आणि गणेशही नव्हता.

मंगेश मागे वळला. त्याचा आवाज उतरला. "दादा, तुमच्यासाठीच म्हणतो. लय केलंत मंडळासाठी. आता रविवारी घरी आराम करा. गुडघ्याला तेल लावा."

शिवरामदादा भिंतीपासून सुटे झाले.

"बघ," ते म्हणाले. "तू पण हळू बोलाय लागलास."

मंगेशला कळलं नाही. कोणालाच कळलं नाही.

"सुनंदा गेल्यापास्नं सगळी माझ्याशी हळू बोलतात," दादा म्हणाले. "पोरगी फोन करते, हळू बोलते. बाबा, जेवलात का? जेवलो, म्हणतो. झालं. शेजारीण भाजी देते, वाटी ठेवते, हळू बोलते. दवाखान्यात बोलावं तशी. कामावर कॉम्प्रेसर, कानात बोळे, तिथं हातांनी बोलायचं." त्यांनी श्वास घेतला. "ती होती तेव्हा सकाळपास्नं माझ्या नावानं शंख. टॉवेल ओला का टाकला, मोरीत पाणी का सांडलं. खालच्या आळीपर्यंत ऐकू जायचं. मला वाटायचं, कधी गप होईल ही. झाली गप."

बाकांखालचे सगळे पाय स्थिर होते.

"रविवारी हा मंग्या मागनं वरडतो. शिवऱ्या, झोपलास का रं? शिवऱ्या, मेलास का रं? मग मला कळतं, नाय मेलो. तेवढी एक जागा हाय माझी. तिला काच लावू नका."

एवढं बोलून ते पुन्हा भिंतीला टेकले.

मी प्रस्ताव मागे घेतला. माझं मत बदललं नव्हतं, आजही बदललेलं नाही. मंडळाच्या इतिहासात लेजंड म्हणावा असा एकच माणूस आहे, आणि तो शेवटच्या बाकामागे उभा होता. पण ज्या मानाने माणूस त्याच्या जागेवरून उठतो, तो मान देणाऱ्यांच्या सोयीचा असतो. हे मी सभेत म्हणाले. नानांनी घड्याळ बघितलं.

"आणि गणेश?" मंगेश म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, पण प्रश्न बसला नव्हता.

बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं की दोघांनी अर्धा अर्धा खेळायचं. दादांना पहिला हाफ द्यावा, पाय ताजे असतात, असं नाना म्हणाले.

"दुसरा," दादा म्हणाले.

"का हो?"

"दुसऱ्या हाफात सगळी दमलेली असतात. तेव्हा जास्त वरडतात."

आणलेली शाल वाया जाऊ नये म्हणून काचेत सुहास गेला. तो हसत म्हणाला, "चालेल. शर्ट तसाही आता पोटावर बसत नाही."

त्या रविवारी कर्जतचा एक संघ आला होता. गणेश पहिला हाफ सुंदर खेळला. आम्ही एका गोलने पुढे होतो. दुसऱ्या हाफात दादा उतरले, मोजा वर ओढला, आपला माणूस धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. सामना संपत आला असताना त्या पोराने चेंडू पुढे टाकला आणि दादांच्या बाहेरच्या बाजूने सुसाट निघाला. दादा वळले. गुडघा वळला नाही. पोरगा आत शिरला, मंगेश आडवा झाला, चेंडू त्याच्या हाताखालून जाळ्यात. बरोबरी.

आणि कोणी काहीच बोललं नाही.

मी कडेला उभी होते. मला ती शांतता आधी कळली नाही. मग कळली. सगळ्यांना सभा आठवत होती. मधला हाफबॅक खाली बघत बुटाची नाडी बांधायला लागला. कोणीतरी टाळी वाजवून "असू दे दादा, असू दे" म्हणालं, अगदी हळू. बाकावरून गणेशही काही बोलला नाही. दादा कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी एकेकाकडे बघितलं. मग वळून गोलकडे बघितलं आणि वाट बघत राहिले. इतका एकटा माणूस मी भरलेल्या मैदानात कधी पाहिला नव्हता. सत्य सांगून त्यांनी आपली जागा राखली होती, आणि त्याच सत्याने ती आता जात होती.

मंगेश चिखलातून उठला. तोंड उघडलं, मिटलं. जाळ्यातला चेंडू उचलला. त्याच्याकडे बघितलं. जिंकलेला सामना हातातून गेला होता, आणि मंगेशला हरणं, बरोबरी, काहीच सोसत नाही. त्याच्या मानेची शीर फुगलेली मला कडेवरून दिसली.

"शिवऱ्या!" तो किंचाळला. "डोळे काय घरी ठेवून आलास का रं? अख्खा माणूस गेला बाजूनं, एस्टी गेल्यासारखा! हो मागं, म्हाताऱ्या, मागं हो!"

मग सगळं मैदान सुटलं. हाफबॅक ओरडला, गणेश ओरडला, खुर्चीत बसलेले नानासुद्धा ओरडले.

"आलो रं, आलो, वरडतोस कशाला!" म्हणत शिवरामदादा आपल्या जागेकडे पळत सुटले.