धैर्यशीलसाठी सही कोण करणार?

फुटबॉलमध्ये खेळाडूला दुखापत झाली की ती त्याच्या करारावर सही करणाऱ्याला होते, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खेळाडू पडतो, माती झटकतो आणि उठून पळायला लागतो. त्याच क्षणी स्टँडात बसलेला त्याच्या टीमचा सेक्रेटरी घोटा धरून आई गं म्हणतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. आम्हाला त्यांचंच नवल वाटतं, कारण एवढ्या धसमुसळ्या खेळात कुणाला तरी लागणारच की हो.

त्यामुळं टीम किती भारी आहे हे आमच्याकडं सेक्रेटरी बघून ओळखतात. इथं प्रत्येक टीम कुठल्या तरी तालमीची असते. फुटबॉल संघटनेच्या मीटिंगला तोफखाना तालमीच्या सेक्रेटरींना चौघं जण खुर्चीसकट उचलून आणतात. ते आत आले की सगळे मानानं उभे राहतात, म्हणजे ज्यांना राहता येतं ते. मी मात्र जिना धडाधडा चढून येतो आणि कुणी माझ्याकडं वळूनही बघत नाही. मी बजरंग सरनाईक, पिंपळकट्टा तालीम मंडळाचा सेक्रेटरी. धंदा मिरची कांडपाचा. इतक्या वर्षांत मला झालेली दुखापत एकच. मॅच चालू असताना आमच्या गोलकीपरला मधमाशी चावली आणि माझा कान सुजला. आमची पोरं एवढी जपून खेळतात. समोरून बॉल आला की आधी त्याला वाट देतात, मग त्याच्या मागं जातात. चहाच्या टपरीवर लोक म्हणतात, "बजादा, जरा पळून दाखवा की!" मी निर्लज्जासारखा हसतो आणि एकदा तर खरंच पळूनही दाखवलं.

त्या हंगामात आम्ही तळाला होतो. तीन मॅचेस राहिल्या होत्या आणि एक तरी जिंकली नाही तर तालीम ज्युनियर गटात जाणार होती. आजोबांच्या काळापासून सीनियर गटात असलेली तालीम माझ्या हातून खाली जाणार, या विचारानं मला भाकरी गोड लागेना. अशात अध्यक्ष तात्या मंडलिकांनी कमिटी बोलावली आणि म्हणाले, "धैर्यशील निगवेकर मोकळा हाय. घ्यायचा का न्हाई, तेवढंच बोला."

धैर्यशीलसारखा फॉरवर्ड या शहरात झालेला नाही. बॉल त्याच्या पायाला पाळल्यासारखा असतो. पण दुखापतीतही त्याचा हात कुणी धरणार नाही. जिथं माणूस काठी घालायला कचरेल तिथं तो पाय घालतो. तो ज्या ज्या तालमीकडून खेळला तिथल्या सेक्रेटरींचे हाल सगळ्यांनी बघितले होते. एकाला आता मांडी घालता येत नाही, म्हणून सत्यनारायणालाही तो स्टुलावर बसतो. दुसऱ्यानं वरच्या मजल्यावरचं घर विकून तळमजल्यावरचं घेतलं. धैर्यशील स्वतः सदतिशीला आला होता आणि त्याचे गुडघे दहावीतल्या पोराचे असावेत तसे होते. अंगावर ओरखडा नाही.

"घ्यायलाच पायजे," खजिनदार पिराजीराव म्हणाले. "एकटा गडी मॅच काढतोय."

"मग सही तुमची?" तात्यांनी विचारलं.

पिराजीरावांनी पँट वर केली आणि नडगीवरचा जुन्या सहीचा व्रण दाखवला. मग बाकीच्यांनीही आपापल्या पँटी वर केल्या. तात्यांचं तर धोतरच होतं, त्यांचं काम सोपं झालं. मीटिंगचा बराच वेळ एकमेकांचे व्रण बघण्यात गेला. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर येऊन थांबल्या.

"बजादाचे पाय बघा," पिराजीराव म्हणाले, "आत्ताच शोरूममधनं काढल्यागत."

कांडपाला दिवसभर उभं राहावं लागतं, मिरचीची पोती उचलावी लागतात. माझा पाय गेला की गिरणी बंद, आणि गिरणी बंद म्हणजे घर बंद. हे सरळ सांगितलं असतं तर मी भित्रा ठरलो असतो. म्हणून मी डोकं चालवलं. माझं डोकं हा तालमीला असलेला जुना धोका आहे, पण त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"धैर्यशीललाच जॉइंट सेक्रेटरी करू," मी म्हणालो. "स्वतःच्या करारावर स्वतःच सही करंल. लागलं तर त्याचं त्याला."

टाळ्या पडल्या. तात्यांनी उठून माझी पाठ थोपटली. संघटनेला विचारलं, तर खेळाडूनं सेक्रेटरी असू नये असा नियमच नव्हता. आजवर असं का कुणाला सुचलं नाही, याचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि मीही ते घरापर्यंत करत गेलो.

धैर्यशील सही करायला आला तेव्हा पांढरा शर्ट घालून आला होता. गरीब स्वभावाचा माणूस. पेन हातात घेऊन त्यानं विचारलं,

"म्हंजे मला लागलं, तर मलाच लागणार?"

"व्हय," तात्या म्हणाले.

"असं कधी झालेलं न्हाई," असं म्हणून त्यानं सही केली.

पहिल्या मॅचला सगळी पेठ लोटली होती. धैर्यशीलनं बॉल घेतला, दोघांना चुकवलं, स्टँडात शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात समोरून एक बॅक धावत आला. धैर्यशील थांबला. नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जावं तसा पाय उचलून बाजूला झाला आणि बॉल त्या बॅकला देऊन टाकला. हवेतून बॉल आला की खाली वाकायचा. कॉर्नरला तर तो गर्दीपासून इतका लांब उभा राहिला की रेफरीनं त्याला विचारलं, तू खेळतोयस ना? आमच्या पोरांत तो लगेच मिसळून गेला. ती मॅच हरलो, पुढचीही हरलो.

मॅच संपल्यावर मी त्याला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बजादा, खरं सांगू काय? आजपत्तूर मला गुडघं हायत हे म्हाईतच नव्हतं," तो म्हणाला. "आता समोरनं कोण आलं की पयला गुडघा आठवतोय, मग बॉल."

मी त्याला चहा पाजला. आता तोफखान्याविरुद्धची शेवटची मॅच तेवढी राहिली होती आणि बरोबरीही चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. कमिटीनं धैर्यशीलचा करार रद्द करून नवा करायचं ठरवलं. सही कुणाची, हे या वेळी कुणी विचारलंच नाही.

घरी आलो तर सुनंदा मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

"कुणाला तरी सही करावी लागणार," मी म्हणालो.

"कुणाला तरी म्हंजे तुम्हालाच. तोंडावर लिवलंय."

"पाय गेला तर गिरणीचं काय?"

तिला काळजी नव्हती असं नाही. पोती तिलाच उचलावी लागणार होती. तरी ती म्हणाली, "तालीम खाली गेली तर वरीसभर तुम्ही तोंड पाडून गिरणीत हुबं ऱ्हाणार. गिऱ्हाइकानं बारीक सांगितलं तर जाड कांडणार. त्यापरीस पाय मोडून आडवं पडा. निदान बडबड तर कराल. माझ्या भावाला बोलावते पोती उचलायला."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी बडबड तिला आवडते हे मला त्या दिवशी कळलं.

सही झाली तेव्हा हलगी होती, गुलाल होता. पेठेतल्या पोरांनी चौकात माझा फ्लेक्स लावला, त्यावर माझा फोटो आणि शेजारी मोठा करून माझा उजवा गुडघा. खाली लिहिलं होतं, 'पिंपळकट्ट्याचा गुडघा, नाद न्हाई करायचा.' त्या फोटोसाठी मी स्टुडिओत गेलो होतो. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "काका, हसू नका, गुडघा हलतोय." खोटं कशाला बोलू, मला त्या फ्लेक्सचा अभिमान वाटला. दूध आणायला मी मुद्दाम लांबच्या डेअरीत जायला लागलो, कारण रस्ता चौकातून होता.

मॅचच्या दिवशी स्टँडात माझ्यासाठी गादी घातली होती. शेजारी डॉक्टर बसले होते, स्ट्रेचर तयार होतं. समोरच्या बाजूला तोफखान्याचे सेक्रेटरी आपल्या खुर्चीत शांतपणे शेंगा खात होते. अनुभवी माणूस.

शिट्टी वाजली आणि पहिल्याच बॉलला माझ्या नडगीवर सणकून लागलं. मी "मेलो!" म्हणून ओरडलो आणि सगळा स्टँड आनंदानं उठून उभा राहिला. जुना धैर्यशील परत आला होता. पुढं माझं कोपर गेलं, मग बरगडी, मग कपाळाला टेंगूळ आलं. मागं बसलेल्यांना गर्दीमुळं मैदान दिसत नव्हतं, ते माझ्यावरूनच मॅच बघत होते. "बजादा कण्हला! हेडर घेतला वाटतं!" एकजण ओरडायचा. "पोट धरलंय, पोट धरलंय! फाऊल!" दुसरा. मी घामानं भिजलो होतो, दोन्ही हातांनी गादी धरून बसलो होतो, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदा तालमीच्या काही उपयोगाला येतोय असं मला वाटत होतं.

पण गोल काही होईना. वेळ संपत आली. अशात तोफखान्याच्या गोलसमोर बॉल मोकळा पडला. एका बाजूनं धैर्यशील धावला, दुसऱ्या बाजूनं त्यांचा रेड्यासारखा गोलकीपर निघाला. कोणी आधी पोचलं असतं तरी धडक ठरलेली होती. पूर्वीचा धैर्यशील इथं थांबलाच नसता. पण दोन मॅचेस स्वतःच्या पायांवर खेळल्यानंतर पाय कुणाचा तरी असतो हे त्याला कळलं होतं. बॉलपासून हातभर अंतरावर तो थांबला, वळला आणि स्टँडाकडं बघून त्यानं हात वर केला. विचारत होता.

ते बघून गोलकीपरही थांबला आणि त्यानं आपल्या सेक्रेटरींकडं बघितलं. रीतच होती ती, एकानं विचारल्यावर दुसऱ्यालाही विचारणं भाग होतं. तोफखान्याच्या सेक्रेटरींनी कवळी काढून खिशात ठेवली आणि मान डोलावली.

आता सगळं स्टेडियम माझ्याकडं बघत होतं. हलगी थांबली. रेफरीनं घड्याळ बघितलं. बॉल तसाच पडला होता. आणि मला, फ्लेक्सवरच्या त्या गुडघ्याच्या मालकाला, भीती वाटली. साधीसुधी नाही, रडू येईल अशी. मला गिरणी दिसली, पोती दिसली, सुनंदा दिसली. एक शब्द बोललो की सुटलो असतो. "सोड" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि समोर मैदानाच्या मध्यावर आमची पोरं दिसली. बॉलला वाट देणारी ती पोरं एकमेकांचे हात धरून उभी होती.

"घाल!" मी ओरडलो आणि डोळे घट्ट मिटले.

आवाज मला आतून ऐकू आला. मग बाहेरचा आवाज आला, सगळ्या पेठेचा. मग मला काही कळलं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात होतो, पाय वर टांगलेला होता आणि रस्त्यावरून मिरवणूक चालली होती. तालीम वाचली होती. माणसांची रीघ लागली. प्रत्येकानं मला तो गोल सांगितला. तात्या म्हणाले डाव्या पायानं, पिराजीराव म्हणाले उजव्या. एकजण म्हणाला बॉल आधी खांबाला लागला, दुसऱ्यानं त्याला तिथंच वेड्यात काढलं. सुनंदा म्हणाली, "मी तुमच्याकडंच बघत होते, मला कसलं दिसतंय." मला सगळ्यांचा राग आला. ज्या गोलसाठी मी पाय दिला, तो सगळ्या कोल्हापुरानं बघितला होता, मी सोडून.

संध्याकाळी धैर्यशील आला. केसांत गुलाल होता, चालणं एकदम ठणठणीत. कॉटशेजारी स्टूल ओढून बसला आणि बराच वेळ माझ्या प्लॅस्टरकडं बघत राहिला.

"लई दुखतंय?"

"मग काय गुदगुल्या हुत्यात?"

तो खाली मान घालून म्हणाला, "कसं दुखतंय, सांगा की. माझंच हाय ते. पर मला कायबी कळलं न्हाई."

मी त्याला सांगितलं. आधी आवाज कसा आला, मग गरम वाटलं, मग कळ कशी कमरेपर्यंत चढली, आता सारखा ठणका कसा लागलाय. मध्ये कुठं वाढवून सांगितलं असेल तर ती माझी खोड. तो लहान पोरासारखा ऐकत होता. मध्येच त्यानं स्वतःचा गुडघा हातानं चाचपून बघितला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आता तू सांग," मी म्हणालो. "मी डोळं मिटलं हुतं."

सुनंदानं आणलेला स्टीलचा ग्लास त्यानं रिकामा करून फरशीवर ठेवला, कॉटचे पुढचे दोन पाय म्हणजे गोलचे खांब असं मला खुणेनं दाखवलं आणि दारापर्यंत मागं गेला. तिथून धावत आला, ग्लासाशी थांबला, आणि वळून माझ्याकडं बघितलं.

"घाल," मी म्हणालो.

ग्लास ठणठणत कॉटखालून आरपार गेला आणि पलीकडच्या भिंतीवर आपटला. त्याच क्षणी माझ्या धड पायाच्या अंगठ्यातून एक झणझणीत कळ गेली.

"दिसला?" धैर्यशीलनं विचारलं.

"दिसला," मी म्हणालो.