महिपतच्या पोटातला कॅमेरा

"भिकूच्या पोटात कॅमेरा जातो, मग माज्या का नाय? बघच तू, गिळून दाखवतो!" महिपतने जाहीर केलं आणि त्याच्या बायकोने, सोनूबाईने, कपाळावर हात मारला.

त्याचं झालं असं. शेजारच्या भिकूच्या पोटातून रक्त जात होतं. ते कुठून, हे बघायला रत्नागिरीच्या डॉक्टरणीने त्याला कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली. कॅप्सूल आतडी बघून आपल्या वाटेने बाहेर आली, भिकू औषधाने बरा झाला आणि गावात एकदम मोठा माणूस झाला! अख्खी वाडी त्याच्या ओटीवर बसून मोबाइलवर त्याची आतडी बघू लागली. निवृत्त ग्रामसेवक महिपतच्या ओटीवर एरवी संध्याकाळी बसायला जागा नसायची, तिथे आता एकटी मांजर! महिपत जळून खाक झाला.

"काय तर म्हणे गुलाबी आतडा! आमचा काय हिरवा हाय?"

दुसऱ्या दिवसापासून महिपतचं पोट दुखू लागलं. डॉक्टरणीने वरून दुर्बीण घातली, काही नाही. खालून घातली, तिथेही काही नाही. (त्या दुसऱ्या दुर्बिणीनंतर एखादा सुधारला असता. महिपत नाही!)

"आता कॅप्सूलच देऊन बघू," डॉक्टरीण म्हणाली, तसा तो टुणकन उठून बसला.

"काका, दुखतंय ना?"

"दुखता तर! लय दुखता!" तो घाईघाईने आडवा झाला.

कॅप्सूल पोटात गेली, तिची चित्रं टिपणाऱ्या रेकॉर्डरचा पट्टा कमरेला बसला. संध्याकाळी पट्टा परत करायचा होता. तोवर महिपत हातखंब्याच्या नाक्यावर शर्ट वर करून तीन फेऱ्या मारून आला! रिपोर्टही आला: सगळं ठणठणीत. पण फिल्म बघायला कोणी येईना.

"भिकूची बघितली की," लोक म्हणाले, "सारखीच असणार."

त्यात कॅप्सूल बाहेर येईना! एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले.

"अवो, आली काय?" सोनूबाई संडासाच्या दाराशी उभी राहून विचारायची.

"नाय!" आतून रडवेला आवाज.

"पंधरा दिवस वाट बघू," डॉक्टरीण फोनवर म्हणाली, "नाहीच आली तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

ऑपरेशन म्हटल्यावर महिपतने फोन सोनूबाईच्या हातात कोंबला. मग सोनूबाईनेच ठरवलं, देवाला गाऱ्हाणं घालायचं. आणि गाऱ्हाणं घालायचा मान गावात कोणाचा? भिकूच्या घराण्याचा! महिपतने नको नको म्हणून पाहिलं, पण करतो काय! देवळात सगळा गाव लोटला. तशाही अवस्थेत त्याने माणसं मोजली. भिकूच्या ओटीवरच्यापेक्षा जास्त होती.

भिकूने नारळ पुढे ठेवला, घसा खाकरला. महिपतने डोळे गच्च मिटून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुज्या ह्या लेकराच्या पोटात क्यामेरा अडाकलाय, तो सुखरूप भायेर येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"ऑपरेशनची पाळी आणू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भिकूने महिपतकडे तिरका डोळा टाकला. "आणि ह्येच्या पोटात काय एक दुखत नसताना, निस्ती माजी ओटी भरलेली बघवली नाय, म्हणून ह्येनी सोंग केला असंल, तर तेवढा पदरात घे रे म्हाराजा!"

गाव गप्प! माणसं एकमेकांकडे बघू लागली. पण महिपतच्या डोळ्यांपुढे ऑपरेशनचं टेबल होतं आणि जिभेला पन्नास वर्षांची सवय.

"व्हय म्हाराजा!!" तो एकटाच ओरडला, तोही जीव तोडून.

दोन दुर्बिणी आणि एक कॅमेरा घालूनही डॉक्टरणीला जे दुखणं सापडलं नव्हतं, ते भिकूने एका नारळात बाहेर काढलं. कॅप्सूलला मात्र आणखी दोन दिवस लागले.