बिनतिखटाचा म्हसोबा

चैत्रातल्या भर दुपारी आमची येसूआत्या म्हसोबाला वारा घालत बसायची. हातात विंझणा, डोक्यावर पदर आणि समोर शेंदरानं माखलेला बुटका धोंडा. येणारेजाणारे हसायचे. हसेनात का! तिला काय त्याचं.

येसूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष होतंय तोच नवरा गेला, माहेरी आली ती कायमची. भाटघरच्या वरच्या अंगाला एका गोऱ्या साहेबाची जुनी बाग होती. साहेब बायकोमुलांसकट निघून गेला, बाग दुसऱ्याकडं गेली. तिच्या बांधावर हा म्हसोबा. त्याची पूजा आत्याच करायची, आणि नियमही तिचेच.

तिथं कोंबडं कापायचं नाही. "त्येला रगत बघवत न्हाई." आणि निवद बिनतिखटाचा. दूधभात, फार तर गुळाचा खडा. आता तुम्हीच सांगा, म्हसोबा म्हणजे केवढा कडक देव! शेजारचे सखारामतात्या तिला मुद्दाम डिवचायचे, "येसाक्का, तुजा म्हसोबा लईच नाजूक गं. उद्या त्येला झबलं शिव."

"शिवीन की. कापड तू दे."

पण देव नवसाला पावायचा बरं का. तात्यांचीच म्हैस हरवली होती. नवस बोलले, आणि दोन दिवसांत म्हैस दारात. तेव्हापासून तात्या टिंगल करायचे, ती पायातलं काढून.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. एक गोरी बाई मोटारीतून आली, दुभाषी म्हणून सोबत पुण्याचा एक कारकून. त्या साहेबाची ही धाकटी लेक. बाग सोडली तेव्हा कडेवर होती म्हणे. आता देश सोडून चालली होती, त्याआधी आपल्या बापजाद्यांची जमीन बघायची होती. साहेबाकडं कामाला होती ती येसूआत्या, असं तिला कुणीतरी सांगितलं.

आत्यानं तिला सगळी बाग फिरवली. मागून अर्धं गाव. "ही हीर तुज्या आज्यानं पाडली. पानी लागंना म्हनून रोज हिरीला शिव्या द्यायचा. ही लिंबं बापाची. हितं तुजी आई गुलाब लावायची, आता नाचनी हाय."

कारकून प्रत्येक वेळी दोन शब्दांत उरकायचा. आत्या थांबलीच. "म्या एवढं सांगितलं, आन् तू शिंकल्यावानी काय बोललास रं?"

काही न कळताही गोरी बाई हसली. मग हसू ओसरलं आणि तिनं विचारायचं ते विचारलं. तिचा मोठा भाऊ चार वर्षांचा असताना इथं तापानं गेला. नदीला पूर, पुण्याला नेता येईना, म्हणून बागेतच पुरला. त्याची कबर कुठं आहे? वडिलांना पुण्याच्या दफनभूमीत पुरलंय, त्यांच्या शेजारी त्याला न्यायचंय.

आत्या 'ठाऊक न्हाई' म्हणाली असती तर खपून गेलं असतं. पोरही राहिलं असतं, देवही राहिला असता. पण ती चालत बांधावर आली आणि म्हसोबापाशी बसली.

"ह्यो हाय."

कुणाला काही उमजेना.

"शेंदूर म्याच लावला," ती आम्हा सगळ्यांना म्हणाली. "बाग दुसऱ्याची झाली. नांगर धरनारा थडग्यावरचा हा धोंडा उपसून फेकून देनार, दिसत हुतं मला. पर देवाला कोन हात लावतंय? म्हनून म्हसोबा केला. पोराच्या पाया पडाया लावलं तुमाला. काय म्हनायचं ते म्हना."

सखारामतात्यांनी मुंडासं काढलं. "म्हस तर घावली न्हवं माजी?" ते म्हणाले. "पोरगं तर पोरगं." आणि पुन्हा पाया पडले.

गोऱ्या बाईनं कारकुनाला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "त्या विचारतात, तुम्ही त्याला सांभाळायला होता का?"

"व्हय."

"तो तुम्हाला काय म्हणायचा?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. मग कारकुनाकडं न बघता बाईकडंच बघून म्हणाली, "तुजी आई जवळ नसली म्हंजी... आई."

कारकुनानं सांगायला तोंड उघडलं. बाईनं हात वर करून त्याला थांबवलं. तेवढं तिला कळलं होतं. ती आत्याशेजारी मातीत गुडघे टेकून बसली. त्याला न्यायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही. मोटार आली तशीच परत गेली.

गाव पांगलं. तात्या म्हणाले, "येसाक्का, चल घरला."

"तुमी व्हा फुडं," आत्या म्हणाली. "आज त्येची भईन येऊन गेली. जरा बोलत बसते त्येच्याशी."