कंद हुंगायला कोणीतरी हवं

ट्यूलिपच्या कंदांची एक खोड आहे. पेटीत एक जरी आंबला, तरी त्याच्या वाफेनं शेजारचे धडधाकट कंदही कामातून जातात. म्हणून हॉलंडमधल्या आमच्या ब्रेझांड गावात उन्हाळाभर पेट्या हुंगाव्या लागतात. आमच्याकडे हे काम माझी बायको नेल्त्ये करायची. ती जाऊन अकरा महिने झाले. तिच्या दोन पेट्या मी मागच्या खोलीत ठेवल्या, खिडकी उघडली, पंखा लावला आणि ठरवलं, हुंगायला शेजारच्या आफ्येला बोलवायचं. (माझं नाक उत्तम आहे. पण अकरा महिन्यांत घरात माझ्याशिवाय कोणी खोकलंसुद्धा नव्हतं.)

आदल्या दिवशी धाकधूक सुरू झाली. सगळे कंद चांगले निघाले तर बाई पाच मिनिटांत जाईल. एखादा सडका सापडला, तर बसून एकेक तपासावा लागेल. दुपार सहज जाईल! पण सडका आणायचा कुठून? (नगरपालिकेत बत्तीस वर्षं कारकुनी केलीय, असल्या कामात डोकं चालतं.) स्वयंपाकघरात एक सापडला. तो पेटीच्या तळाशी सरकवला.

आफ्ये आली. तिनं वाकून हुंगलं, थेट तळाशी हात घातला आणि तो बाहेर काढला.

"साइब्रांट, हा कांदा आहे."

"कांदा?" मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?)

"सूपमध्ये घालतात तो. कंद ठणठणीत आहेत. हा इथं कसा आला?"

मी म्हणालो, चुकून. तिनं माझ्याकडे फार कणवेनं पाहिलं. म्हणाली, "राहू द्या. पेट्या मी माझ्या शेडमध्ये नेते. तुम्हाला आमची कटकट नको."

"कसली कटकट?"

"अहो, तीस वर्षं आम्ही बायका इथं कंद सोलायला जमायचो. आम्ही आलो की तुम्ही पेपर घेऊन वर जायचात."

खरं होतं. (पेपर दहा मिनिटांत संपायचा. पुढचा वेळ मी जिन्यात बसून त्यांच्या गप्पा ऐकायचो.)

"म्हटलं, आता बिचाऱ्याला हवी ती शांतता मिळालीय. तुमच्या दारावरून जाताना आम्ही सायकलची घंटासुद्धा वाजवत नाही."

अख्खी गल्ली अकरा महिने माझी एवढी काळजी घेत होती. मला रडू यायचं बाकी होतं. जाऊ नका, कॉफी घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पण कारकुनाची जीभ ती. मी म्हणालो, "आभारी आहे."

दोन्ही पेट्या मीच तिच्या गाडीवर चढवून दिल्या. जाताना तिनं, मला त्रास नको म्हणून, दार अगदी अलगद ओढून घेतलं.