उल्हास टिपणिसांचा सुधारित ट्रान्समीटर

ज्या वस्तूची कुणालाच गरज उरलेली नाही, तिच्यात सुधारणा करणं हे मानवजातीच्या श्रेष्ठ कार्यांपैकी एक आहे. गरजेच्या वस्तूत सुधारणा काय, कुणीही करतो. त्यात घाई असते, चढाओढ असते, आणि वापरणारे जिवंत असल्यामुळे तक्रारीही असतात. गरज संपलेल्या वस्तूत सुधारणा करायला मात्र निखळ वृत्ती लागते. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या उल्हास टिपणिसांकडे ती होती. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ते टेलिफोनच्या जुन्या ट्रान्समीटरची रचना सुधारत होते.

उल्हास मूळचे पुण्याचे. सिंगापूरला येऊन चौदा वर्षं झाली होती. कायमच्या रहिवासासाठी त्यांनी तीनदा अर्ज केला होता आणि तो तिन्ही वेळा अत्यंत सभ्य भाषेत फेटाळला गेला होता. त्यामुळे नोकरी आहे तोवर राहण्याचा पास, आणि पास आहे तोवर टॅम्पिनीसमधला भाड्याचा फ्लॅट, बायको सुलेखा आणि दहावीच्या वर्षातली मुलगी इरा, असा सगळा संसार कंपनीच्या एका पत्रावर टेकलेला होता. कंपनी मीटिंगच्या खोल्यांत टेबलाच्या मधोमध ठेवायचे स्पीकरफोन बनवत असे. त्यातले मायक्रोफोन उल्हास बनवत. दोन वर्षांपूर्वी आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर आलं आणि मायक्रोफोन कसाही असला तरी चालू लागला. तेव्हापासून उल्हासांचं काम मायक्रोफोन मोजून घेणं हे होतं. ते काम ते मन लावून करत. (मोजणी एकदाही चुकली नव्हती. पगारवाढीच्या वेळी याचा उल्लेखही एकदाही झाला नव्हता.)

उरलेल्या वेळात ते जुन्या ट्रान्समीटरकडे वळले. त्याची रचना फार सोपी. पुढे पातळ पत्रा, मागे डबीत कोळशाचा रवा, आणि रव्यातून जाणारी बॅटरीची वीज. माणूस बोलला की पत्रा थरथरतो, रवा दबतो-सुटतो, त्याप्रमाणे वीज कमीजास्त होते आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला तेच बोलणं पुन्हा उमटतं. दोष एवढाच, की काही दिवसांनी रवा दाटून बसतो आणि गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो. त्या काळी लोक यंत्राला दोन चापट्या मारत आणि पुढे बोलत. उल्हासांना ते पटत नव्हतं. चापटी मारल्याशिवाय स्पष्ट बोलता आलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

कोळसा त्यांनी हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधल्या, काडीला मांसाचे तुकडे लावून साते भाजणाऱ्याकडून आणला. (हा सरकारी तपासनीस असावा असं वाटून त्याने सातेच्या चार काड्याही फुकट दिल्या.) तो कुटायला सुलेखाच्या मिक्सरचं चटणीचं भांडं घेतलं. भांडं पाच वेळा धुतलं, तरी त्या आठवड्यातली ओल्या नारळाची चटणी करड्या रंगाची झाली. इराने बशी पुढे सरकवून सांगितलं, "बाबा, धिस वन कॅनॉट ईट, लाह." सुलेखा काही बोलली नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात तिने आपलं न बोलणं इतकं सुधारलं होतं, की ते उल्हासांना दोन खोल्यांपलीकडेही स्पष्ट ऐकू येई.

अखेर सुधारणा सापडली ती तिच्याच कपाटात. गणपतीला मोदक करायचा साचा. साध्या गोल डबीत रवा दाटून बसतो. पण डबीच्या भिंतीला मोदकासारख्या कळ्या पाडल्या, तर रव्याचे कण त्या कळ्यांवरून घसरत राहतात, बसत नाहीत. उल्हासांनी पितळी पत्रा साच्यावर ठोकून डबी केली, रवा भरला, सलग सहा आठवडे रोज बोलून पाहिलं. आवाज तसूभरही मंद झाला नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणाला हे सुचलं असतं तर असंख्य चापट्या वाचल्या असत्या. ते आता सुचलं, म्हणून उल्हासांचा आनंद कमी झाला नाही.

कंपनीत त्या वर्षी प्रत्येकाने एक तरी नवकल्पना नोंदवावी असा नियम निघाला होता. उल्हासांनी फॉर्म भरला. ते खोटं बोलणारे नव्हते. 'या सुधारणेचा लाभ कोणत्या ग्राहकांना होईल?' याखाली त्यांनी लिहिलं, 'सर्व ग्राहक मयत.' 'ग्राहकांकडून तक्रारी अपेक्षित आहेत का?' याखाली, 'नाहीत.' 'स्पर्धक कंपन्या?' याखाली, 'त्याही.'

आलेल्या दोनशे सहा कल्पनांपैकी तक्रारी अपेक्षित नसलेली ही एकच होती. तीच निवडली गेली.

योगायोगाने टेलिफोनला दीडशे वर्षं होत होती. कंपनीचे प्रमुख जेराल्ड लिम यांनी ठरवलं, की ट्रान्समीटर चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवायचा, तिथून दोन तारा खाली लॉबीत आणायच्या आणि लॉबीत कानाला लावायचा रिसीव्हर टांगायचा. प्रमुख पाहुणे लॉबीत उभे राहून वरून आलेला स्वागताचा संदेश ऐकतील. यासाठी सात जणांची समिती नेमली गेली. तिने नऊ बैठका घेऊन उपकरणात काही त्रुटी काढल्या. त्याला दिवा नव्हता. म्यूटचं बटण नव्हतं. बोलणाऱ्याची संमती कुठे नोंदवायची याचीही सोय नव्हती. या सुधारणा समारंभानंतर कराव्यात असं ठरलं, कारण समारंभाची तारीख छापून झाली होती.

समारंभाचा दिवस मंगळवार होता. पाहुण्यांची गाडी रस्त्यात अडकली. उल्हासांनी वर जाऊन बॅटरी जोडली, खाली येऊन रिसीव्हर कानाला लावला आणि वाट पाहू लागले. शेजारी अंकुर उभा होता. अंकुर त्यांच्याच विभागातला, तिशीचा, पिंपरीचा मुलगा. तारा त्यानेच ओढल्या होत्या. त्याची बायको ऋता सात महिन्यांची गरोदर होती आणि पुढच्या सोमवारी तिची नोव्हेनाच्या इस्पितळात मोठी तपासणी होती.

वर सभागृहात जेराल्ड लिम आले. सोबत मनुष्यबळ विभागाच्या सविता कामत होत्या. दोघांनी आत शिरताच टेबलावरचा आधुनिक स्पीकरफोन बंद केला, त्याचा दिवा विझल्याची खात्री केली, आणि मग जुन्या ट्रान्समीटरपासून हातभर अंतरावर बसून बोलायला लागले. ज्या यंत्राला दिवा नाही ते बंद असतं, अशी सुशिक्षित माणसाची श्रद्धा आहे.

खाली उल्हासांच्या कानात इंग्रजी शब्द येऊ लागले. अकरा माणसं. शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. नावं एकेक करून. खरं सांगायचं तर पहिलं अर्धं मिनिट उल्हासांना अर्थ लागलाच नाही; त्यांचं लक्ष उच्चारांकडे होतं. 'स' आणि 'फ' वेगवेगळे ऐकू येत होते. कोळशाच्या रव्यातून 'स' आणि 'फ' वेगळे येणं किती अवघड असतं हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी वहीत नोंदही केली: 'स्पष्टता उत्तम.' मग पाचवं नाव आलं. अंकुरचं.

सविता कामतांनी विचारलं, याची बायको बाळंतपणाला आली आहे, महिनाभर थांबता येईल का. जेराल्ड लिम म्हणाले, पत्रं छापून झाली आहेत. आणि उल्हास? उल्हासला राहू दे, तो डबा सुधारून होईपर्यंत.

उल्हासांनी रिसीव्हर कानापासून दूर केला. रिसीव्हर जागेवर टांगायचा आणि तारेत दोष आहे असं सांगायचं, हे सगळ्यात सोपं होतं. तारा उपटायला एक झटका पुरला असता. इराची परीक्षा सात महिन्यांवर होती. ते जन्मात कधी साहेबासमोर मोठ्याने बोलले नव्हते. शेवटी त्यांना जे एकच वाक्य आयुष्यभर सवयीचं होतं, ते तोंडून आलं.

"अंकुर, हे जरा कानाला लाव. आवाज स्पष्ट येतोय का सांग."

अंकुरने रिसीव्हर घेतला. वर नावं पुन्हा पहिल्यापासून, पत्रांशी ताडून वाचली जात होती. त्याने पाचव्या नावापर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "येतोय, सर. एकदम स्पष्ट."

आणि त्याने रिसीव्हर मागे स्वागताला उभ्या असलेल्या सहकाऱ्याला दिला.

त्यानंतर जे झालं ते या शहराच्या शिस्तीला शोभणारं होतं. कुणी आरडाओरडा केला नाही. लॉबीत रांग लागली. एकीला स्वच्छतागृहात जायचं होतं, तिने जमिनीवर टिशूचं पाकीट ठेवून आपली जागा राखली, आणि परत आल्यावर ती जागा तिला मिळाली. यादी एकदा, दोनदा, तीनदा ताडली गेली. बावीस मिनिटांत एक्केचाळीस जणांनी ऐकलं. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट आलं. तेवढ्या वेळात ज्याला स्वतःचं नाव ऐकू आलं नाही, तो निर्धास्त होऊन पुढच्याचे आभार मानून जेवायला गेला. (यातल्या तिघांची नावं यादीत होती, ती त्यांच्या अर्ध्या मिनिटात आली नव्हती.)

पाहुणे आले तेव्हा जेराल्ड लिम खाली उतरले आणि रांग पाहून भारावले. वारशाबद्दल कर्मचाऱ्यांना इतकी ओढ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. रांगेसह त्यांचा फोटो निघाला.

अंकुर त्या दुपारी नोव्हेनाला गेला आणि ऋताची सोमवारची तपासणी गुरुवारवर आणून आला. कंपनीचा विमा शुक्रवारपर्यंतच होता. तपासणीत सगळं ठीक निघालं. फक्त रक्त कमी होतं, त्याची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली. सुधारित ट्रान्समीटरचा मोजता येण्याजोगा उपयोग तेवढाच झाला. शुक्रवारी पत्रं वेळेवर निघाली.

चौकशी अर्थातच झाली. समितीच्या अहवालात तीन निष्कर्ष होते: आवाज खाली गेला, आवाज खाली जाणं अपेक्षितच होतं, मात्र जो गेला तो अपेक्षित नव्हता. दोष कुणा व्यक्तीचा नसून रचनेचा आहे, असं समितीने एकमताने ठरवलं आणि रचना सुधारण्याची जबाबदारी उल्हासांवर टाकली. दिवा, बटण, आणि पत्र्यासमोर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर.

घरी त्यांनी सुलेखाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"नमदा किती जाड?" तिने विचारलं.

"काही ऐकू येणार नाही इतका."

"मग घाल," ती म्हणाली. "पण तुझ्या त्या वहीत त्याला सुधारणा म्हणून लिहू नकोस."

उल्हासांनी नमदा घातला. वहीत काही लिहिलं नाही. समितीने नव्या उपकरणाची चाचणी घेतली. एकही तक्रार आली नाही. वर्षाअखेरीस त्यांना नवकल्पनेचं काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं आणि नेमणूक दोन वर्षांनी वाढली. मोदकाच्या आकाराची जुनी डबी त्यांनी त्याआधीच, पास संपून परतणाऱ्या अंकुरला विमानतळावर निरोप देताना दिली होती. ऋताने ती कानाशी हलवून पाहिली. रवा अजून खुळखुळत होता.

हकिकत एवढीच. ज्यांनी ती इथवर ऐकली, त्यांतले बरेच जण मनात म्हणाले असतील, की आपण त्या रांगेत असतो तर तसे जेवायला गेलो नसतो. शक्य आहे. मात्र शुक्रवारी गेलेल्या अकरा माणसांपैकी एकाचंच नाव वर आलं आहे. उरलेल्या दहांची विचारपूस आतापर्यंत कुणीही केलेली नाही.