आठ पाउंड हवा

या, असे जवळ बसा. आणि आधी मला सांगा, गाडीतला तो पिवळा दिवा किती दिवस झाले पेटलाय? घोड्याच्या नालेसारखा, पोटात उद्गारचिन्ह असलेला. चाकात हवा कमी आहे म्हणून बिचारा सांगतोय आणि तुम्ही गाणी लावून हिंडताय! आमच्या नानांनी बघितलं असतं ना, तर गाडीतून उतरवून उभं केलं असतं.

नाना आमच्या सिल्वासाच्या सोसायटीत माझ्या खालच्या घरात राहतात. मूळचे जळगावकडचे. वहिनी गेल्यापासून एकटेच. गलोंड्याच्या एका सूत कारखान्यात हवेच्या कॉम्प्रेसरवर उभा जन्म काढला. आता रिटायर झालेत, पण हवा सुटली नाही. जगातली प्रत्येक गोष्ट पाउंडात मोजतात. ‘नाना, तब्येत?’ विचारलं की ‘बत्तीस!’ म्हणजे उत्तम, गाडीच्या चाकात असावी तेवढी. सर्दी झाली की ‘अठ्ठावीस, ताई.’ मीटिंगमध्ये चेअरमन तापले की शेजारच्याच्या कानात, ‘पंचेचाळीसवर गेला भो हा. सरक मागे.’ मी आमटी पाठवली तर वाटी परत करताना सांगतात, ‘चव बत्तीस. तिखट मात्र चाळीस.’

हसताय काय? मी तर या माणसापुढे हात जोडते. का ते ऐका.

माझे जावई दादऱ्याला असतात. त्यांच्या गाडीत तो दिवा सारखा लागायचा. पंपावर हवा भरली की विझायचा, चार दिवसांनी पुन्हा हजर. शेवटी जावयांनी काय करावं? माझ्या लेकीची टिकली त्या दिव्यावर चिकटवली! दिसायलाच नको. तसेच दोघं आले आमच्याकडे जेवायला. नाना गेटजवळच्या बाकावर पेपर वाचत होते. गाडी आत वळली आणि नाना पेपरातूनच म्हणाले, ‘मागचा डावा. आठ पाउंड कमी.’

जावयांना पटेना. नानांनी खिशातून हवा मोजायचं गेज काढून लावलं. चोवीस! अंगावर काटा आला माझ्या. मग नानांनी बोटाला थुंकी लावून ती हवा भरायच्या तोंडावर ठेवली. आम्ही सगळे वाकून बघतोय. मोहरीएवढा बुडबुडा फुगला आणि फुटला.

‘हा बघा चोर. जावईबापू, दिवा खरं बोलत होता. तुम्ही त्याच्या तोंडाला टिकली लावली.’

जावयांचे कान लाल. लेकीनं टिकली काढली.

आता या नानांचा मुलगा प्रशांत. पुण्याला असतो. महिन्या-दीड महिन्यानं शनिवारी येतो, रविवारी जातो. घरात बापलेक टीव्हीसमोर मुके बसतात. पण जुनी गाडी होती तेव्हा निघायच्या आधी नाना दांडका घेऊन खाली यायचे. प्रत्येक चाकावर ठोकायचे, कान लावायचे, मग पायपंप. तासभर चालायचं. प्रशांत शेजारी उकिडवा बसायचा आणि त्या तासात दोघांना तोंड फुटायचं. साहेबाचा त्रास, नातवाचा अभ्यास, नानांचे गुडघे, वहिनींची आठवण, सगळं चाकापाशी.

मग प्रशांतनं नवी गाडी घेतली. पडद्यावर चारही चाकांचे आकडे दिसतात. ‘नाना, हे बघा, सगळी बत्तीस! तुम्हाला आता वाकायला नको. निघतो.’ पाच मिनिटांत गेला. नाना पायपंप हातात घेऊन गेटाशी उभे. मी वरूनच विचारलं, ‘तब्येत?’

‘बावीस,’ म्हणाले.

पण पुढच्या खेपेपासून गंमत झाली. प्रशांत निघाला की दिवा लागलेलाच. नव्या कोऱ्या गाडीत! पुन्हा पायपंप, पुन्हा तासभर दोघं चाकापाशी.

एका रविवारी सकाळी मी गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालत होते. खालून फुस्स आवाज आला. वाकून बघते तर नाना प्रशांतच्या गाडीपाशी बसून काडीनं चाकातली हवा सोडतायत! अहो, दूधवाल्याच्या स्कूटरला अर्धा पाउंड कमी असला तर ज्यांना चहा गोड लागत नाही, ते नाना! त्यांनी वर बघितलं. वर्गात सापडलेल्या पोरासारखं तोंड झालं.

‘आठच पाउंड, ताई,’ हळूच म्हणाले. ‘त्याहून कमी सोडली तर दिवा लागत नाही. निघायच्या आधी पुरी भरून देतो ना.’

मी कढीपत्त्याला पुन्हा पाणी घातलं.

दहाच्या सुमाराला प्रशांत लोणच्याची बरणी न्यायला वर आला. मला राहवेना. म्हटलं, ‘काय रे, तुझी गाडी इथे आली की बरोबर रुसते!’

त्यानं खाली नजर टाकली. नाना पायरीवर पायपंप पुसत बसले होते.

‘काकू, हवा कमी झाली की मला मोबाईलवर निरोप येतो. आज सहा वाजून दहा मिनिटांनी आला. जागाच होतो मी.’

‘मग?’

‘मग काय, कूस बदलून पडून राहिलो. नानांना सांगू नका हं.’

बरणी काखोटीला मारून तो खाली उतरला, गाडीत बसला आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा ओरडला, ‘नाना! दिवा लागला!’

माझ्याच्यानं पुढे बघवलं नाही. पदर डोळ्यांना लावून आत आले.

सध्या प्रशांतला कामातून सवड नाही. तीन महिने झाले. काल नानांना तब्येत विचारली तर ‘सव्वीस’ म्हणाले. म्हणून तुम्हाला सांगते, एकदा सिल्वासाला या. गाडी घेऊनच या. दिवा लागलेला नसला तरी नाना बघतील काय ते. फक्त तासभर हाताशी ठेवून या, आणि फार दिवस लावू नका.